पंगतीतली ओंजळ

३१ मे रोजी पोस्टातली नोकरी संपली. पहिला आठवडा बरा गेला. पुढे सकाळचे साडेनऊ वाजले की जीव नुसता कासावीस व्हायचा. मुलं म्हणाली, कुठेतरी देवदर्शनाला जाऊन ये. मला दर्शनापेक्षा काम हवं होतं.

दिवाळी आटोपल्यावर परभणीला सचखंड एक्सप्रेसमध्ये बसले. नांदेड ते अमृतसर, दोन हजारांहून जास्त किलोमीटर. या गाडीचे नेहमीचे प्रवासी ताट-वाटी जवळ ठेवतात, कारण वाटेत काही स्टेशनांवर लंगर, म्हणजे शिखांचं सर्वांसाठीचं मोफत जेवण, येतो. मला हे ठाऊक नव्हतं. समोरच्या सरदारजींनी न बोलता आपल्या डब्याचं झाकण माझ्या हातात दिलं आणि त्यात गरम कढी-भात पडला.

हरिमंदिर साहिब, म्हणजे सुवर्णमंदिर, पहाटे पाहिलं. सरोवरावर धुकं, आतून कीर्तन. डोळे भरून आले, पण मन रमलं ते लंगरात. तिथे नाव नोंदवायचं नाही, कुणाची ओळख लागत नाही. डोकं झाकायचं, हातपाय धुवायचे आणि जिथे हात कमी दिसतील तिथे बसायचं. रोज पन्नास हजारांवर माणसं जेवतात, सणावाराला लाखाच्या घरात जातात. एवढ्यांचा लसूण कुणीतरी सोलावाच लागतो. पहिल्या दिवशी मी तेच केलं. संध्याकाळी बोटांची आग आग होत होती, पण किती तरी महिन्यांनी गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी भांड्यांकडे गेले. लांबलचक हौद, दोन्ही बाजूंना माणसं खांद्याला खांदा लावून उभी. स्टीलच्या ताटांचा असा खणखणाट की शेजारीणही ओरडून बोलायची. ताट एका हौदातून दुसऱ्यात, तिथून पुढच्यात. माझ्या डावीकडे कॉलेजातली पोर, उजवीकडे हातात सोन्याचा जाड कडा घातलेले गृहस्थ. त्यांनी ताट धुऊन माझ्याकडे सरकवायचं, मी पुढे.

तिसऱ्या दिवशी पोळ्या वाढायला उभी राहिले. तिथे पोळीला परशादा म्हणतात. ती ताटात टाकायची नाही. जेवणारा दोन्ही हातांची ओंजळ पुढे करतो, आपण ‘परशादा वाहेगुरू’ म्हणत ती ओंजळीत द्यायची. एका आजोबांचा उजवा हात लुळा होता. त्यांनी डाव्या हाताने तो उचलला, मांडीवरून छातीशी आणला, दोन्ही तळवे जुळवले. मी पोळी धरून थांबले होते. मागची पंगतही थांबली होती. कुणी घाई केली नाही.

शिखांचे तिसरे गुरु अमरदास यांचा दंडक होता: आधी पंगत, मग संगत, म्हणजे आधी सगळ्यांसोबत जेवण, मग भेट. अकबर बादशहाही आधी पंगतीत बसला, असं परंपरा सांगते. मला माझ्या लहानपणची गावजेवणं आठवली. शेवटची पंगत कुणाची, हे गावात पोराबाळांनाही माहीत असे. त्याची लाज मला आजही वाटते.

लसणाच्या ढिगापाशी मात्र मी रोज थोडा वेळ बसायचीच; तिथे एक लुधियानाच्या बाई माझ्याशेजारी बसत. तीन दिवस आम्ही एकमेकींना फक्त ‘भैणजी’ म्हणत होतो. चौथ्या दिवशी त्यांनी गाव विचारलं. हिंगोली त्यांना कळेना. मी म्हटलं, नामदेवांची नरसी आमच्याच जिल्ह्यात. त्यांनी लसणाचा हात पुसला आणि विचारलं, “भगत नामदेव जी दे पिंडों आए हो?” म्हणजे, नामदेवांच्या गावाहून आलात?

नामदेवांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. त्यांतलं एक त्यांना पाठ होतं: जातीवरून देवळातून उठवलेले नामदेव मागे जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. मी म्हटलं, ते देऊळ म्हणजे आमचं औंढा नागनाथ. आजीचा हात धरून मी तिथे दर महाशिवरात्रीला जायची. हीच गोष्ट आजीने मला देवळामागे बसून सांगितली होती. बाई रडायला लागल्या. मीही.

दुसऱ्या दिवशी त्याच मला घुमानला घेऊन गेल्या. नामदेवांनी उत्तरायुष्य जिथे काढलं, असं मानतात, ते पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातलं गाव. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. तिथल्या तपियाना साहिब गुरुद्वाऱ्यात माथा टेकला. सेवा तिथेही होतीच. बाहेर जोडे लावायला बसलो.

आता महिन्यातून दोनदा पहाटेच्या गाडीने नांदेडला जाते, तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात. मागच्या खेपेला शेजारच्या वहिनी सोबत आल्या. पोळी वाढताना त्यांनी ती सवयीने ताटात टाकली. मी त्यांचा हात हलकेच धरला आणि म्हटलं, “वहिनी, थांबा. ओंजळ होऊ द्या.”