आमची वाटचाल : पेन्सिलीचा हात

१९८८ च्या दसऱ्याला उमरग्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगतच्या दहा बाय पंधराच्या गाळ्यात आमचा स्टुडिओ सुरू झाला. पुढे दोन छत्र्यांचे दिवे आणि रंगवलेला पडदा, मागे प्लायवूड ठोकून केलेली डार्करूम. त्याआधीची पाच वर्षं मी सोलापुरात एका मास्तरांच्या हाताखाली काढली होती. पहिलं वर्षभर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. फोटो पक्का करणारा हायपो कालवायचा, प्रिंट धुवायच्या, वाळवायच्या, पडदा झटकायचा. आणि रजिस्टर लिहायचं.

रजिस्टरच्या बाबतीत मास्तर फार कडक. निगेटिव्हचा नंबर, तारीख, माणसाचं नाव, गाव, फोटो कशासाठी. एकदा गर्दीच्या दिवशी मी नावाच्या जागी नुसतं ‘एक बाई’ असं लिहिलं. त्यांनी मला त्या बाईंच्या मागे एसटी स्टँडपर्यंत पळवलं. ‘तिला नाव नाही का? जा, विचारून ये.’ त्या दिवशी मला राग आला होता. पण उमरग्यात आल्यावर मी पहिली खरेदी केली ती लांब पानांच्या रजिस्टरची. कॅमेरा नंतर, उधारीवर आला.

तेव्हाचं बहुतेक काम ब्लॅक अँड व्हाइट. उटीच्या सरकारी कारखान्यात तयार होणारी ‘इंदू’ फिल्म आणि ब्रोमाइड पेपर आम्ही वापरायचो. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, आणि डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, हवं वीस अंशांच्या आसपास. ते गरम झालं की फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडतं, चित्र सुटायला लागतं. म्हणून उन्हाळ्यात घमेल्यात बर्फ घालून त्यात ट्रे ठेवायचे आणि शक्यतो रात्री दहानंतर रोल धुवायचे. माझ्या पत्नीने अशा किती रात्री बर्फ फोडून दिला असेल याची गणती नाही. ‘आमचा’ स्टुडिओ म्हणतो तो त्यामुळेच.

रंगीत रोल लग्नांचे. ते एसटीच्या पार्सलने सोलापूरच्या लॅबला जायचे. १९९० मध्ये एका लग्नातला एक अख्खा रोल कोरा परत आला. फिल्मची भोकं दात्यांवर बसलीच नव्हती. मी खटके मारत राहिलो आणि फिल्म जागची हलली नाही. त्या रोलमध्ये अंतरपाट होता. लॅबने रोल खराब केला असं सांगितलं असतं तर कुणालाही पटलं असतं, आणि दोन दिवस मी ते मनात घोळवतही होतो. तिसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं, घेतलेले पैसे परत दिले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पोरीच्या आईला तुम्हीच सांगा.’ सांगितलं. रोल भरला की फिल्म पुढे ओढताना रिवाइंडची कळ फिरते का ते बघायचं, हे आमच्याकडे कामाला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी शिकवलं जातं, आणि का शिकवलं जातं तेही.

माझं खरं नाव झालं ते रिटचिंगमुळे. निगेटिव्हवर रिटचिंगचा पातळ लेप द्यायचा, काचपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल घ्यायची आणि मागून उजेड ठेवून चेहऱ्यावरच्या बारीक खुणा भरत जायचं. चेहऱ्यावरचा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये तो उजळतो. मुरूम, सुरकुत्या, देवीचे वण, सगळं जायचं. दूरदूरच्या गावांहून लोक मुलींचे दाखवायचे फोटो काढायला माझ्याकडे यायचे. माझ्या हाताला तोड नाही असं मला वाटू लागलं होतं. कुणाला न विचारता मी चेहरे पुसत होतो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं. मिरवणुकीचे रोल अजून धुवायचे होते. उमरग्यात आम्ही वाचलो. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदं झोपेतल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. त्या भिंतींबरोबर भिंतींवरच्या तसबिरीही गेल्या.

आठ-दहा दिवसांनी लोक स्टुडिओत यायला लागले. भावाचा फोटो होता का तुमच्याकडे? दोन वर्षांमागं शाळेचा काढला होता, त्यात आमचं पोरगं होतं. मी रजिस्टर काढून बसायचो. नाव, गाव, नंबर. डबा उघडला की निगेटिव्ह सापडायची. मास्तरांनी मला एसटी स्टँडपर्यंत का पळवलं, ते मला त्या ऑक्टोबरात कळलं. शाळेच्या ग्रुप फोटोतला तांदळाएवढा चेहरा एन्लार्जर पार वर नेऊन मोठा करायचा. दाणे फुटायचे, डोळे धुरकट व्हायचे, तरी आई ओळखायची. त्या प्रिंटांचे पैसे घ्यायचे नाहीत हे पत्नीने ठरवलं आणि मी मान्य केलं. वीज असेल तेव्हा काम, नसेल तेव्हा कागद कापून ठेवायचे.

सास्तूरकडचे एक आजोबा आले. १९८९ मध्ये त्यांच्या मंडळींचा एकटीचा फोटो मी काढला होता. दहा-बाराची मोठी प्रिंट करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाला धरली, पुन्हा पुन्हा पाहिली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

‘बाबा, ही आमची न्हाई.’

मी रजिस्टर दाखवलं. नाव बरोबर, गाव बरोबर, तारीख बरोबर.

‘लुगडं तिचंच हाय. पण तिच्या तोंडावर देवीचे वण होते की. ते कुठं गेले?’

ते वण मी घालवले होते. चार वर्षांपूर्वी, न विचारता, मोठ्या हौसेने. घरी दिलेल्या प्रिंटमध्येही ते नव्हते. पण तेव्हा ती स्वतः समोर होती, म्हणून ते त्यांना खटकलं नसेल.

मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि आत गेलो. कापसाच्या बोळ्याला टर्पेंटाइन लावून ती निगेटिव्ह पुसली. लेपाबरोबर पेन्सिल निघून गेली. लाल दिव्याखाली डेव्हलपरमध्ये कागद हलवत असताना आधी कुंकू उमटलं, मग डोळे, आणि मग गालावर, कपाळावर एकेक वण वर आला. इतकी वर्षं मी डार्करूममध्ये काढली होती, पण एखाद्या चेहऱ्यापुढे माझी मान अशी खाली गेली नव्हती. ओली प्रिंट तशीच बाहेर आणली. आजोबांनी तिच्यावर बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ धरलं. ‘हां, ही,’ एवढंच म्हणाले.

त्यानंतर आमच्याकडे न विचारता काहीही पुसलं जात नाही. विचारून करतो, पण मूळ ठेवतो.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. २००५ मध्ये डिजिटल कॅमेरा घेतला. वापरायला शिकलो तो आमच्याच स्टुडिओत कामाला असलेल्या बावीस वर्षांच्या पोराकडून, वही घेऊन, त्याच्या शेजारी बसून. त्या पोराचा आज स्वतःचा स्टुडिओ आहे आणि मोठ्या लग्नात कमी पडलो तर मी त्याच्याकडे दुसरा फोटोग्राफर म्हणून जातो. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. मग फोटो जागेवरच निघू लागले आणि आमचं छोट्या फोटोंचं काम हळूहळू आटलं. २०२० च्या उन्हाळ्यात लग्नंच नव्हती. आता मुलगा प्री-वेडिंगसाठी जोडप्यांना नळदुर्गच्या किल्ल्यावर नेतो, नर-मादी धबधब्याला पाणी असेल तेव्हा तारखा मिळत नाहीत. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

चेहरा गोरा करा, गुळगुळीत करा, अशी मागणी आता मोबाइलमुळे रोजच होते. आम्ही करून देतो, नाही म्हणत नाही. तो ज्याचा चेहरा त्याचा अधिकार. मूळ फाइल मात्र नाव, गाव, तारखेसकट दोन वेगळ्या डिस्कवर जाते.

गेल्या दिवाळीपासून पुतणी जुन्या निगेटिव्ह स्कॅन करते आहे. काही फिल्मना आंबूस वास सुटलाय, त्या आधी घेते. सध्या १९९१ च्या डब्यावर आहे. एखादीवर पेन्सिल दिसली की पेन्सिलीसकट एकदा स्कॅन करते आणि ती निगेटिव्ह माझ्या टेबलावर आणून ठेवते. टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस खालच्या खणात आहे. ते पुसायचं काम मी अजून कुणाला दिलेलं नाही.