ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं माझं पत्र आणि आवक रजिस्टरमधली एक ओळ

माझ्या नावाने आलेलं बंद पाकीट माझ्या हातात पडण्याआधी ऑफिसात कोणी फोडू नये, एवढीच माझी मागणी होती. ती मान्य करून घेताना जी टोलवाटोलवी सोसली, तिचा राग अजून गेलेला नाही.

ऑफिसचा पत्ता दिलाच कशाला, असं बरेच जण विचारतात. दिवसभर घराला कुलूप असतं. स्पीड पोस्टला सही लागते, पोस्टमन चिठ्ठी टाकून जातो, आणि पोस्टात जायचं तर ते नेमकं ऑफिसच्याच वेळात. आमच्याकडे निम्म्या लोकांची बँकेची कार्डं आणि पॉलिसीचे कागद ऑफिसातच येतात. यात गैर काहीच नाही.

माझं पत्र आरोग्य विमा कंपनीकडून आलं होतं, क्लेमसाठी आणखी कागद मागणारं. अशा पत्रात पेशंटचं नाव, हॉस्पिटल, दाखल झाल्याची तारीख आणि आजार हे सगळं वरच लिहिलेलं असतं. पाकिटावर माझं पूर्ण नाव आणि त्याखाली कंपनीचं. हुद्दा नाही, विभाग नाही. आवक विभागाने ते फोडलं, पत्रावर तारखेचा शिक्का मारला, स्कॅन करून आमच्या विभागाच्या सामायिक मेलवर पाठवलं आणि रजिस्टरमध्ये नोंद केली. क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, कोणास दिले असे रकाने. 'विषय' या रकान्यात निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात, माझ्या आजाराचं नाव लिहिलेलं. टपाल घ्यायला येणारा प्रत्येक जण त्याच पानावर सही करतो. मला हे कळलं ते दुसऱ्या विभागातल्या एकाने जिन्यात थांबवून "आता बरं आहे ना? गोळ्या चालू आहेत का?" असं विचारल्यावर. मी घरच्या दोन माणसांखेरीज कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

स्कॅन काढून टाकायला आयटीवाल्यांनी वेळ लावला नाही. अडलं ते रजिस्टरच्या त्या एका ओळीवर.

आवकचे काका म्हणाले, "मॅडम, रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, ऑडिटला दाखवावं लागतं. आणि ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं टपाल ते ऑफिसचंच." मी अ‍ॅडमिनकडे गेले. ते म्हणाले, कर्मचाऱ्याची खासगी बाब म्हणजे एचआरचं काम. एचआरने सांगितलं, टपाल अ‍ॅडमिनच्या अखत्यारीत येतं. पुन्हा अ‍ॅडमिन, पुन्हा एचआर. प्रत्येक वेळी तोच आजार नव्याने कोणाला तरी समजावून सांगायचा. तक्रारच मुळी माहिती बाहेर गेल्याची, आणि ती करायची तर तीच माहिती आणखी चार जणांना द्यायची! एचआरच्या मॅडमनी वर विचारलं, "पाकिटावर 'खासगी' असं लिहिलेलं नव्हतं ना?" अहो, विमा कंपनीचं पाकीट मशीनवर छापून येतं. त्यावर मी कधी आणि कुठून लिहिणार?

मधल्या काळात ते रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. जाता-येता मला तेवढंच दिसायचं.

मग मी कायदा शोधायला बसले. 1898 च्या पोस्टाच्या कायद्यात टपाल खात्याच्या माणसाने पत्र उघडलं किंवा दडपलं तर शिक्षा होती, पण ती फक्त खात्याच्या माणसाला. तो कायदा जाऊन आता 2023 चा आला आहे, 18 जून 2024 पासून लागू. ऑफिसच्या टेबलावर पोचलेल्या पाकिटासाठी दोन्हींचा मला उपयोग नव्हता. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. तो दाखवल्यावर उत्तर मिळालं की हे सरकारविरुद्धचं आहे, आपली खासगी कंपनी. वैयक्तिक डिजिटल माहितीचा 2023 चा कायदा कागदी रजिस्टरला लागत नाही. कागदावरून डिजिटल केलेली माहिती मात्र त्यात येते. त्यातली बहुतेक बंधनं अजून लागू व्हायची आहेत, तरी स्कॅनच्या बाबतीत नुसत्या त्याच्या उल्लेखाने काम झालं.

गाठ सुटली ती भलत्याच ठिकाणी. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या पुस्तिकेत टपाल कसं घ्यायचं ते सविस्तर दिलं आहे. अधिकाऱ्याच्या नावाने आलेली किंवा गोपनीय शेरा असलेली पाकिटं आवक शाखेने फोडायची नाहीत. शिक्का पाकिटावर बाहेरून मारायचा आणि बंद पाकीट ज्याचं त्याला द्यायचं. सरकारी कचेऱ्यांचा नियम आमच्या कंपनीला बंधनकारक नाही, हे मीच अर्जात लिहिलं. पण जिथे दिवसाला पोत्याने टपाल येतं तिथे हे जमतं, तर आपल्याकडे का जमू नये, असं विचारलं. अर्ज अ‍ॅडमिनप्रमुखांच्या नावाने केला, प्रत एचआरला दिली. (अर्ज कधीही तोंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर करू नका. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. माझं सगळं त्या पोचेनंतर हललं.) अर्जात आजाराचं नाव लिहिलं नाही, रजिस्टरचा अनुक्रमांक आणि दिनांक तेवढा दिला. हे पहिल्या दिवसापासून असंच करावं, म्हणजे प्रत्येक टेबलावर स्वतःची फाइल उलगडावी लागत नाही.

शेवटी प्रमुखांनी स्वतः बोलावलं. खाडाखोड नको, तर त्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवायची, तिच्यावर 'वैयक्तिक' असं लिहायचं आणि पट्टीच्या कडेवर त्यांची सही. ऑडिटलाही चालतं. माझ्यासमोर काकांनी डिंक लावला. इतक्या साध्या कामासाठी मला इतकं फिरवलं, याची चीड आली, आणि तिथेच खूप हलकंही वाटलं. आठवडाभरात परिपत्रक निघालं: नाव आधी आणि कंपनी नंतर असेल, हुद्दा नसेल, तर पाकीट फोडायचं नाही आणि 'विषय' रकान्यात 'बंद पाकीट' एवढंच लिहायचं. ते परिपत्रक माझ्या अर्जामुळे निघालं, याचा मला अभिमान आहे.

पत्ते बदलायचं काम त्यामानाने सोपं. बँकेत आणि विमा कंपनीत पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा देता येतो, तिथे घरचा घाला. पॉलिसीचा पत्ता बदलला तरी आधीच चालू असलेल्या क्लेमची पत्रं जुन्या पत्त्यावर जाऊ शकतात, म्हणून क्लेम विभागाला वेगळं कळवा. शक्य तिथे पत्र ईमेलवर मागवा, पण ऑफिसच्या ईमेलवर नको, तो कंपनीचा असतो.

पाठवणारा ओळखीचा असेल तर त्याला स्पीड पोस्टची ओटीपी सेवा घ्यायला सांगा. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि ऑक्टोबरपासून ही सोय आली. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, तो सांगितल्याशिवाय पाकीट दिलं जात नाही. त्यामुळे ते आवकच्या टेबलावर परस्पर पोचत नाही.

आणि नोकरी सोडताना एक गोष्ट विसरू नका. तुमच्या नावाचं टपाल त्यानंतरही येत राहतं, आणि तेव्हा ते घ्यायला तुम्ही तिथे नसता. राजीनाम्यासोबतच लिहून द्या की माझ्या नावाची पाकिटं न फोडता या पत्त्यावर पाठवावीत किंवा मला फोन करावा, आणि त्या पत्राचीही पोच घ्या.