पेन म्हणजे पाव

शनिवार, रात्री पावणेअकरा

कालपासून टोचतंय. लिहून टाकते, नाहीतर आजही झोप यायची नाही.

तीन आठवडे मी माक-होमी या रॅपरचं एकच गाणं वहीत उतरवून घेत होते. 'प्रे फॉर हैती' या अल्बममधलं, 'पेन राले'. इथे न्यू जर्सीत एडिसनला गाडीत बसलं की हेडफोन लावायचा, दहा सेकंद ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, परत मागे जायचं. न्यूअर्क येईपर्यंत एखादी ओळ हाती लागली तरी दिवस बरा जायचा. त्याच्या ओळी नेटवर शोधून मिळत नाहीत. तो कुठे छापू देत नाही, कुणी टाकल्याच तर काढायला लावतो. म्हणून ही खटपट. एवढं करूनही चौदा जागा कोऱ्या राहिल्या.

काल जेवणाच्या सुट्टीत वही कामावरच्या सोबतिणीपुढे ठेवली. तिचं बालपण हैतीच्या राजधानीतलं, पोर्तोप्रिन्समधलं, ती पटापट भरून देईल असं मी धरूनच चालले होते. तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं, दोन ठिकाणी बोट थांबलं, मग वही मिटून माझ्याकडे सरकवली. "त्याला लिहिलेलं नकोय ना? मग तू का लिहिलंस?"

आवाज चढवला नाही, रागावली नाही. तेच जास्त लागलं.

का लिहिलं? आवडलं म्हणून. आवडलेलं लिहून ठेवायचं, हे मला लहानपणापासूनचं. पण घरी येताना गाडीत डोळे भरून आले. इतकी वर्षं या राज्यात काढली, अजून प्रत्येक दारात जोडे काढून उभी आहे, आत या असं कुणी म्हणत नाही. ज्याला इतक्या जवळून ऐकते, त्याने तरी म्हणावं ना. नंदूला फोन करणार होते, नाही केला.  

आज दिवसभर भांडी घासताना, इस्त्री करताना तेच. त्याला का नको असेल?

हा माणूस न्यूअर्कचा. बालपणाचा काही काळ हैतीत गेलेला. तोंडावर कायम हैतीच्या झेंड्याचा निळा-लाल रुमाल, चेहरा कुणाला दाखवत नाही, खरं नाव सांगत नाही. आणि पहिला गाजलेला अल्बम कोणता, तर 2016चा 'हेशियन बॉडी ओडर'. इथल्या शाळांत ऐंशीच्या दशकात हैतीच्या पोरांना याच शब्दांनी चिडवायचे, अंगाला वास येतो म्हणून. 1983मध्ये तर इथल्या सरकारी आरोग्य खात्याने एड्सचा धोका असलेल्या गटांत अख्खे हैतीयन लोक घातले होते. कुठल्या देशातून आलात एवढ्यावरून. पुढे त्यांचं रक्तही घेत नव्हते, 1990मध्ये हजारो माणसं ब्रुकलिन पुलावरून चालत गेली तेव्हा कुठे ते मागे घेतलं. तर ज्या शब्दांनी पोरं रडवली, तेच शब्द याने अल्बमवर घातले आणि इन्स्टाग्रामवरून विकायला काढला, 300 डॉलरला एक. लोक म्हणाले माज आहे. मीही म्हटलं होतं. आज इस्त्री हातात धरून थांबले. इतकी वर्षं फुकट मिळालेल्या शिवीला कुणीतरी पहिल्यांदा भाव लावला होता.

मग 2021चा 'प्रे फॉर हैती'. वेस्टसाइड गन या दुसऱ्या रॅपरशी अनेक वर्षांचा अबोला मिटला आणि हा अल्बम झाला. त्याच्या कमाईतला हिस्सा हैतीतल्या मुलांच्या शिक्षणासाठी. 2024चा अल्बम तर बरोबर 17 मेला आला, हैतीच्या झेंडा दिनाच्या आदल्या दिवशी. फ्रेंच झेंड्यातला मधला पांढरा पट्टा फाडून काढला आणि निळा-लाल शिवून घेतला, अशी त्या झेंड्याची गोष्ट सांगतात. तोच रुमाल तोंडावर.

म्हणजे हा सगळं आपल्या हाताने ठरवणारा माणूस. किंमत, चेहरा, नाव. शब्द तेवढे माझ्या वहीत सोडून देईल?

हे कळतं. तरी दुखतंच. दोन्ही खरं आहे.

आणि एक राहिलं. वही सरकवल्यावर ती उठून गेली नाही. माझ्या पानावर वर मोठ्या अक्षरात 'पेन' लिहिलं होतं, शेजारी मी कंसात लेखणी अशा अर्थाचा इंग्रजी शब्द, प्रश्नचिन्ह घालून, टिपलेला. त्यावर तिने नख ठेवलं. म्हणाली, पेन म्हणजे पाव. उच्चार 'पें', नाकातून. राले म्हणजे ओढलेला. मग टेबलावरच दोन्ही हातांनी नसलेली कणीक ताणून दाखवली, लांब, घडी घालून परत लांब. तिची आजी करायची तेव्हा मनगटाकडून ताणायची, बोटांनी नाही. ते दाखवताना तिचा चेहरा वेगळाच झाला होता.

तीन आठवडे मी पावाला लेखणी समजत होते.

फ्रेंचांचा शब्द हैतीच्या क्रेयोल भाषेत 'पें' झाला, हैतीच्या लोकांनी तो आपल्या उच्चाराप्रमाणे लिहायला घेतला. हैतीच्या 1987च्या राज्यघटनेत क्रेयोल फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा झाली. आणि आपला पाव? तोही पोर्तुगीजांच्या गलबतातून गोव्यात उतरलेला, त्याच लॅटिन घराण्यातला. लांबचे का होईना, चुलत भाऊच म्हणायचे. हे तिला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर वही उघडली असती का तिने? नसती. नसू दे.

लिहिताना गाणं लावलं नव्हतं. आत्ता लावलं. हातात पेन्सिल नसली की कळतं, तो दोन ओळींच्या मध्ये श्वास घेतो तो ऐकू येतो. थांबवत, मागे नेत ऐकताना तो कधीच ऐकू आला नव्हता.

वही कपाटात ठेवली. चौदा जागा कोऱ्याच. सोमवारी तिला पावाचं सांगेन.