अकरावीतली भाची आणि कोर्टातला बैल

भाची अकरावीला आहे. आर्ट्स घेतलंय आणि वकीलच व्हायचंय. माझ्या बहिणीला घोर एकच, "सायन्स सोडलं, आता वकिलीला अडेल का?" नाही अडत, ताई. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या लॉला कुठलीही शाखा चालते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे क्लॅटला, खुल्या गटातून बसायचं तर बारावीला ४५ टक्के लागतात, बस्स.

क्लासची जाहिरात भाचीने आधीच शोधून ठेवली होती. म्हटलं, क्लास लाव, पण आधी सुट्टीत चार दिवस माझ्याबरोबर कोर्टात येऊन बस. सुनावणी ऐकायला कुणालाही बसता येतं. काही प्रकरणं बंद दाराआड चालतात तेवढीच सोडायची. मोबाइल मात्र सायलेंट.

पहिल्या दिवशी नुसताच पुकारा आणि पुढच्या तारखा. पोरगी कंटाळली. दुसऱ्या दिवशी बांधाच्या वादात उलटतपास लागला. सरतपास, म्हणजे आपल्या बाजूने द्यायची साक्ष, लेखी प्रतिज्ञापत्रावर आलेला, त्यामुळे साक्षीदार आजोबा पिंजऱ्यात उभे राहिले ते थेट समोरच्या वकिलांच्या तोंडी. तुम्हाला लांबून नीट दिसलं नाही, एवढं त्यांच्याकडून वदवून झालं होतं. तिथेच बसायचं ना! पण वकीलसाहेबांनी विचारलंच, "मग नांगर बांधावरून गेला हे कशावरून सांगता?" आजोबा म्हणाले, "बैल माझाच मागून नेलावता की. सोडवायला मीच गेलतो." न्यायाधीशसाहेबांनी ते शब्दन् शब्द टाइप करून घेतलं. भाची फिस्सकन हसली, शिपायाने डोळे वटारले.

संध्याकाळी तिला त्याच दाव्यातला सातबारा आणि फेरफार वाचायला दिला. तालुक्याला हेच कागद रोज हाताळावे लागतात, आणि कामही मराठीतच चालतं. क्लॅटचा पेपर इंग्रजीत असतो, हे खरं. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. पण त्यातल्या कायद्याच्या प्रश्नांना कलमं पाठ लागत नाहीत. नियम उताऱ्यातच देतात, तो प्रसंगाला लावायचा. म्हणून मी तिला गाइड घेऊन दिलं नाही, रोज एक अग्रलेख वाचून त्याचा मुद्दा चार ओळींत लिहायला लावलाय. राज्याची लॉ सीईटी मराठीतूनही देता येते, तीही द्यायचीच.

न्यायाधीश व्हायचं म्हणते. मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यालाही आधी तीन वर्षं वकिली करावी लागते, हे ऐकून थोडी हिरमुसली. पण आता दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा कोर्टात येणार म्हणते. तेव्हा कोर्टालाही सुट्टी असते, हे अजून सांगितलेलं नाही.