खर्चाच्या वहीतला नवा रकाना

प्रबंधासाठी ‘कुटुंबं खर्च कशी करतात’ हा विषय घेतला तेव्हा मी अर्थशास्त्रातून मानववंशशास्त्रात नुकतीच आले होते. पहिला आराखडा त्याच वळणाचा झाला. उत्पन्न, बचत, खर्च आणि चाळीस प्रश्नांची प्रश्नावली. मार्गदर्शक मॅडमनी तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “आधी कुला वाच.”

मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या ‘कुला’ या देवघेवीबद्दल लिहिलं. शिंपल्यांचे हार एका दिशेने आणि शंखांची कंकणं उलट दिशेने बेटांवरून फिरत राहतात. ती कोणी कायमची ठेवून घेत नाही, पण त्यांच्यासाठी लोक समुद्र ओलांडतात. मग फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोस वाचला. देणं, घेणं आणि परतफेड, तिन्ही बंधनंच आहेत हे त्याचं १९२५ मधलं म्हणणं मला पटायला फार वेळ लागला नाही. आर्थिक व्यवहार समाजातल्या नात्यांत गुंतलेले असतात असं म्हणणारा पोलान्यी मात्र दोनदा वाचावा लागला.

प्रत्यक्ष घरांत गेले तेव्हा प्रश्नावली पहिल्याच आठवड्यात निकामी झाली. “हे का घेतलंत?” असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर, “लागत होतं म्हणून.” उत्तर खोटं नव्हतं, माझा प्रश्नच तेवढ्यापुरता होता. मानववंशशास्त्रज्ञ डॅनियल मिलर उत्तर लंडनमध्ये लोकांबरोबर खरेदीला जायचा, हे आठवलं. मीही तेच केलं.

एका ताईंबरोबर बूट घ्यायला गेले होते. अर्धा तास त्या एकच जोड उचलायच्या, ठेवायच्या. मुलाला रंग आवडेल का, नवरा “टिकणार नाहीत” म्हणेल का, सासूबाई किंमत विचारतील का? घरातली सगळी माणसं त्या दुकानात हजर होती! स्वतःसाठी घ्यायच्या चपला त्यांनी पुढे ढकलल्या. संध्याकाळी खर्चाच्या वहीत नोंद झाली ती एवढीच: बूट, १ जोड.

दुसऱ्या दिवसापासून वहीत ‘कोणासाठी’ असा रकाना वाढवला. शिवाय प्रत्येक घरी न वापरलेली पण टाकवत नसलेली एक वस्तू दाखवायला सांगू लागले. वस्तूंनाही माणसांसारखं चरित्र असतं, असं कोपिटॉफ या मानववंशशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये मांडलं होतं. बंद पडलेल्या रेडिओवर एक आजोबा तासभर बोलले, तेव्हा ते मला नीट समजलं.

सगळ्यात अवघड गेली ती उसनवारी. नात्यात दिलेले पैसे कोणी वहीत लिहीत नसे, कारण लिहिलं की ते कर्ज होतं. एका वहिनींनी विश्वासाने लिहिलं, आणि महिन्याभराने ते पान परत मागितलं. माझ्या चौथ्या प्रकरणाचा सगळा भार त्या पानावर होता. मी ते फाडून त्यांच्या हातात दिलं, टिपणांतला तेवढा भाग पुसला आणि ते प्रकरण चौदा पानांवर थांबवलं.