माहेरी कधी जाणार?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही जाणार. पहिलं बाळंतपण डोंबिवलीतच, आमच्याच घरी करायचं ठरवलंय. सातवा लागल्यापासून शेजारच्या काकू, ऑफिसातल्या मैत्रिणी, लांबच्या मावश्या, सगळ्या हेच विचारतात. ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न हळू आवाजात येतो, “आईला झेपत नाही का गं?” आईला उत्तम झेपतं. ताईचं सगळं तिनेच केलं होतं.

ताईचं बाळंतपण मिरजेला झालं तेव्हा मी कॉलेजात होते. भावोजी शुक्रवारी रात्री कल्याणला महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायचे आणि सकाळी दारात हजर. आल्या आल्या आंघोळीचं पाणी तयार, मग पोहे, दुपारी गोडाधोडाचं जेवण. जावई ना! बाळ त्यांच्या मांडीवर आणून ठेवायचं आणि जरा कुरकुरलं की कुणीतरी पटकन उचलून न्यायचं. ओला लंगोट बदलायला त्यांना सांगावं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही यायचं नाही. माणूस इतका प्रेमळ, की बाळाकडे नुसते बघत बसायचे. पण रविवारी रात्री परत निघताना बाळाचा ढेकर कसा काढायचा हेसुद्धा त्यांना ठाऊक नसायचं, कारण आम्ही त्यांना शिकूच दिलं नाही. तीन महिन्यांनी ताई घरी गेली ती सराईत आई होऊन. भावोजी मात्र नवखेच होते. पुढे कितीतरी दिवस बाळ रडलं की घरात फक्त ताईला हाक जायची. हे माझ्या मनात तेव्हापासून घर करून आहे.

रजेचाही प्रश्न आहेच. २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण त्यातले बाळंतपणाआधी घेतलेले दिवस त्याच २६ मधून वजा होतात. आत्ताच मिरज गाठली तर तेवढे आठवडे वाट बघण्यातच जातील, आणि मला ते बाळाजवळ हवेत. बाबांना तर कायद्याचा आधारच तुटपुंजा. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी कंपन्यांवर तशी सक्ती नाही. नवऱ्याने म्हणून हक्काची रजा साठवून ठेवलीय. यंदा गणपतीतही गावी गेला नाही. ती रजा रेल्वेत घालवायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

गोळ्यांचं सगळं तोच बघतो. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. चहाही लोहाच्या आड येतो, आणि सकाळी मला चहाशिवाय चालत नाही. म्हणून कॅल्शियम दुपारी जेवणानंतर आणि लोह रात्री लिंबूपाण्याबरोबर, कारण ‘क’ जीवनसत्त्व असलं की लोह जास्त अंगी लागतं. तसा कागदच त्याने फ्रिजच्या दारावर चिकटवलाय. सासूबाईंचं हिमोग्लोबिन कायम कमी. कागद वाचून त्यांनीही जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलला.

डोहाळजेवण मात्र रीतसर झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, सगळं हौसेनं केलं. बर्फी-पेढ्याच्या वाट्या तेवढ्या मी ठेवू दिल्या नाहीत. सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी का लावावी लागते, ते ठाऊक असताना मला तो खेळ गोड वाटत नाही.

आई त्यासाठी आली आणि दोन दिवस राहिली. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न घेणाऱ्या बायका आमच्याकडे होऊन गेल्यात, त्यामुळे तिचं राहणं मला फार मोलाचं वाटलं. दुपारी दोघी विहिणी जुनी सुती पातळं काढून बसल्या. नव्या कापडाला खळ असते, बाळाला टोचतं. सासूबाई काठ कापून बाजूला करत आणि कडेला कात्रीने एक छेद देऊन कापड दोन्ही हातांनी टर्रकन फाडत. तसं ते सरळ धाग्यात फाटतं. मग आईने जावयाला हाक मारली, “या हो इकडं, दुपट्यात कसं गुंडाळायचं बघा.” उशी घेऊन शिकवणी सुरू झाली. आईने खालची बाजू घट्ट आवळली, तर तो म्हणाला, “आई, डॉक्टरांनी पाय मोकळे ठेवायला सांगितलंय, नाहीतर खुब्यावर ताण येतो.” आईने लगेच गाठ सैल केली आणि त्याच्याकडून पुन्हा बांधून घेतली. मिरजेला तिने त्याला पाटावरून उठू दिलं नसतं. इथे तो त्याच्या घरात होता, म्हणून तिला सांगणं सोपं गेलं.

माहेरी जाण्याची रीत चुकीची आहे, असं माझं मुळीच म्हणणं नाही. जिथे नवव्या महिन्यातही सुनेची चुलीपुढून सुटका नाही, तिथे माहेर हीच तिची हक्काची विश्रांती. अशा मुलीने जरूर जावं, अगदी लवकर जावं. माझ्या हातातली पोळ्यांची परात सासूबाईंनी केव्हाच काढून घेतलीय, म्हणून मला राहणं परवडतं.

नववा लागला की आई इकडेच येईल. तिच्यासाठी आतली खोली रिकामी करणं चाललंय. डिंक ती तिकडून आणणार, अळीव सासूबाईंनी भरून ठेवलेत. शेक-शेगडीवर मात्र अजून एकमत नाही. बंद खोलीत कोळशाचा धूर नको, एवढं मी दोघींना स्पष्ट सांगितलंय. मिरजेला आम्ही तिघं मिळून जाऊ, बाळ जरा मोठं झालं की. तोवर भेटायचं असेल तर डोंबिवलीलाच या, आणि येण्याआधी एक फोन करा.