घोडे बघायला गेलो आणि डुकरीण भेटली

लंडनचे चार दिवस म्युझियमं आणि गुडघेदुखीत गेले. पाचव्या दिवशी लेक म्हणाली, "आई, न्यू फॉरेस्टला जाऊ, मोकळे घोडे दाखवते." न्यू फॉरेस्ट म्हणजे दक्षिण इंग्लंडमधलं रान. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून तिथल्या ब्रॉकनहर्स्ट गावाला आगगाडीने दीड तास.

घोडे म्हणजे तट्टंच की! रस्त्याच्या मधोमध ढिम्म उभी, मागे मोटारींची रांग. शेपटीचे केस ठरावीक पद्धतीने कातरलेले. मालकाने चराईचे पैसे भरल्याची ती पावती. दिसायला जंगली, पण प्रत्येकाला धनी आहे. आपल्या गायरानासारखंच म्हणायचं, फक्त यांचं गायरान अजून जागेवर आहे. ह्यांनी कौतुकाने केळं काढलं तर लेक ओरडली, "बाबा, नको! दंड होतो इथे." हे जे रुसले, ते दुपारपर्यंत.

एका ओकखाली सतरंजी टाकली, डबा उघडला, आणि मागून कडाम-कडाम आवाज. कोणी फुटाणे दाढेखाली फोडतंय असा. वळून बघते तर ही थोरली, काळ्या ठिपक्यांची डुकरीण. पाचोळ्यात नाक खुपसून ओकची फळं वेचत होती. मागे पिल्लं, सात मोजली, आठवं हिच्या पोटाखाली होतं. नाकात चक्क वेसण! मला आधी कीव आली. लेकीने सांगितलं, कडी नसेल तर ही सगळी जमीन उकरून ठेवेल.

ओकची हिरवी फळं घोड्यागुरांना विषारी. डुकरांना मात्र ती पक्वान्नं. म्हणून शरद ऋतूत निदान 60 दिवस डुकरं रानात सोडतात, 'पॅनेज' म्हणतात त्याला. इंग्लंडच्या विल्यम राजाने 1079 च्या सुमारास हे रान शिकारीसाठी राखून ठेवलं, तरी गावकऱ्यांचे असे चराईचे हक्क टिकले. म्हणजे घोड्यांचा जीव राखायला डुकरांची पंगत! मी आजवर डुक्कर दिसलं की पदर नाकाला लावून रस्ता बदलणारी. इथे अर्धा तास टक लावून बसले. वासही ओल्या पाचोळ्याचाच येत होता.

बसले, तीच चूक. बाईसाहेब फळं वेचत वेचत सतरंजीपर्यंत आल्या, आणि मी "हाड, हाड" म्हणेपर्यंत भाजणीचं थालीपीठ लोण्याच्या गोळ्यासकट गेलं. मराठी हाड हाड तिला काय कळणार!

हे सकाळपासून पहिल्यांदा हसले. "आता दंड कुणी भरायचा?"

"मी घातलं कुठे? तिने घेतलं," म्हटलं, आणि उरलेला डबा घेऊन उभ्यानेच जेवले.